ओठ हलवण्यात कसले आले कर्तृत्व?

विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या गाण्याच्या चित्रफितीचा विषय निघाला की आपल्यातील जाणत्या मंडळींच्या मुद्रेवर दोहोंपैकी एक भाव हमखास उमटतो. काहींच्या ओठांवर कौतुकाचे हसू येते आणि ती म्हणतात, "पोरांनी छान केले हो!" काहींच्या कपाळावर आठी पडते आणि ती विचारतात, "दुसऱ्याचे गाणे लावायचे, त्यावर ओठ हलवायचे आणि उड्या मारायच्या, यात कसले आले कर्तृत्व?" वरवर पाहता ही दोन मते परस्परविरोधी भासतात. आमच्या मते ती एकाच आळसाची दोन रूपे आहेत. टाळी वाजवणाऱ्याने चित्रफीत नीट पाहिलेली नसते आणि नाक मुरडणाऱ्यानेही ती पाहिलेली नसते. मुलांनी काय निवडले, काय टाळले आणि त्या निवडीची कोणती किंमत मोजली, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही. प्रस्तुत लेख या दोन्ही पक्षांच्या विरोधात आहे, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे.

हवेत वार करण्यापेक्षा एक प्रत्यक्ष उदाहरण समोर ठेवू. कॅनडातील क्वेबेक प्रांतात, मॉन्ट्रियल शहरी, १९६९ साली स्थापन झालेले क्वेबेक विद्यापीठ आहे. तेथील संज्ञापन शाखेच्या १७२ विद्यार्थ्यांनी १० सप्टेंबर २००९ रोजी विद्यापीठाच्या इमारतीत एक चित्रफीत तयार केली. गाणे होते 'ब्लॅक आइड पीज' या अमेरिकन वाद्यवृंदाचे, त्याच वर्षी गाजत असलेले 'आय गॉटा फीलिंग'. कॅमेरा एकच. तो सुरू झाला आणि गाणे संपेपर्यंत थांबला नाही. इमारतीच्या अंतर्भागातून तो फिरत जातो, वाटेत उभी असलेली मुले-मुली आपापल्या ओळीवर ओठ हलवतात आणि अखेरीस सारा जमाव एकत्र येतो. मध्ये कुठेही कात्री लागलेली नाही. चित्रीकरणाचे काम अवघ्या सव्वादोन तासांत आटोपले. पाहता पाहता ही फीत जगभरच्या लाखो लोकांनी पाहिली. अशा चित्रफितींना 'लिपडब' म्हणतात. हा शब्द २००६ साली अमेरिकेत रूढ झाला. जर्मनीतील फुर्टवांगेन येथील विद्यार्थ्यांनी २००८ साली विद्यापीठीय लिपडबची प्रथा सुरू केली, आणि मॉन्ट्रियलच्या मुलांनी ती घरोघरी पोहोचवली.

आता नाक मुरडणाऱ्यांचा पहिला आक्षेप घेऊ. आवाज त्यांचा नाही, चाल त्यांची नाही, शब्द त्यांचे नाहीत. मग त्यांचे असे उरले काय?

हा आक्षेप दुसऱ्या एखाद्या देशात कुणी घेतला असता तर आम्ही समजू शकलो असतो. आपण तो घ्यावा हे मात्र नवल. १९३१ साली 'आलम आरा' आणि १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' पडद्यावर आला, तेव्हा नट स्वतः गात असत आणि वादकांना कॅमेऱ्याच्या नजरेआड बसून साथ करावी लागे. गळा आणि चेहरा एकाच माणसाचा असे. १९३५ साली 'धूप छाँव'मध्ये पार्श्वगायन आले आणि गळा व चेहरा यांची फारकत झाली. त्यानंतर आपल्या चार पिढ्या उसन्या गळ्यावर ओठ हलवणाऱ्या नायक-नायिकांना पाहत रडल्या, हसल्या आणि प्रेमातही पडल्या. लता मंगेशकरांच्या स्वरावर ओठ हलवणाऱ्या नायिकेला 'अभिनेत्री' म्हणताना आपली जीभ कधी अडखळली नाही. मग मॉन्ट्रियलच्या मुलांनी तेच केले तर ते कर्तृत्वशून्य कसे? ओठ हलवणे ही कला आहे की नाही, याचा निकाल आपण कधीच लावून बसलो आहोत. आता तो विद्यार्थ्यांपुरता फिरवणे हा न्याय नव्हे.

या मुलांची निर्मिती गाण्यात शोधणाऱ्याला ती सापडणार नाही. ती शोधावयाची आहे कात्री न लावण्याच्या निर्णयात. हा निर्णय किती जड असतो, याची कल्पना यावी म्हणून थोडा इतिहास. जुन्या पस्तीस मिलिमीटर फिल्मचे हजार फुटांचे रीळ जेमतेम अकरा मिनिटे चाले. अल्फ्रेड हिचकॉक यांना १९४८ साली 'रोप' हा चित्रपट सलग भासवायचा होता. परंतु रीळ संपत आले की कुणाच्या तरी पाठीआड वा सामानाआड सांधा लपवावा लागे. खऱ्या अर्थाने एकाच दमात चित्रित झालेला अलेक्सांद्र सोकुरोव यांचा 'रशियन आर्क' येण्यास २००२ साल उजाडावे लागले. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात ९६ मिनिटांचे ते सलग चित्रण फिल्मवर झाले नाही, अंकीय पद्धतीने झाले. आणि तेही पहिले प्रयत्न फसल्यावर. रिळाची ही अडचण दूर झाली म्हणूनच सलग चित्रणाचे धाडस विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आले. साधन स्वस्त झाले, धाडस मात्र स्वस्त झाले नाही.

कात्री लावण्याची सोय असते तेव्हा चित्रफितीचा खरा धनी संकलक असतो. चुकलेला क्षण तो गाळतो, साधलेला क्षण लांबवतो. कलावंताला निश्चिंत राहता येते. कात्री नाकारली की ही सत्ता संकलकाच्या हातून निसटते आणि एकेकाच्या माथी जबाबदारी होऊन बसते. शंभर मुलांनी आपापली ओळ अचूक साधली आणि एकशे एकावा क्षणभर उशिरा वळला, तर शंभरांची मेहनत पाण्यात. नाताळच्या नाटिकेत विंगेत उभा असलेला मेंढपाळ आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी रंगवला असेल. प्रवेश एका मिनिटाचा, वाक्य एकच. परंतु त्या वाक्याची वाट पाहताना तळहाताला फुटलेला घाम आठवून पाहावा. मॉन्ट्रियलच्या त्या मार्गिकांत असे १७२ मेंढपाळ उभे होते, एवढे सांगितले तरी पुरे. गायनवृंदात एखाद्याचा सूर घसरला तर शेजारचे चार आवाज त्याला सावरून घेतात. येथे ती सवलत नव्हती. या मुलांनी सवलत नाकारली, ही त्यांची पहिली आणि सर्वांत मोठी सर्जनशील निवड आहे. "त्यांचे काय उरले?" या प्रश्नाला आमचे हे उत्तर आहे.

येथवर वाचून टाळी वाजवणारा पक्ष खूश झाला असेल. त्याने जरा थांबावे, कारण आमचे पुढचे भांडण त्याच्याशी आहे.

हा पक्ष 'सव्वादोन तास' या आकड्यावर भाळतो. "बघा, दोन तासांत केले! तरुणाईची उत्स्फूर्तता ती हीच!" असे उद्गार आम्ही वारंवार ऐकले आहेत. मुलांच्या श्रमांचा याहून मोठा अवमान दुसरा नसेल. सव्वादोन तास लागले ते कॅमेरा चालवण्याला. कॅमेरा कोणत्या वाटेने जाईल, कोणत्या ओळीला तो कोणत्या वळणावर असेल, तेथे कोण उभे असेल, दोन घोळक्यांमधील अंतर गाण्याच्या किती मात्रांत ओलांडायचे, आणि अखेरच्या दृश्यात सारे एकत्र कसे जमतील, हे सारे आधी ठरल्यावाचून सलग चित्रण होऊच शकत नाही. अशा फितीत जे सर्वाधिक उत्स्फूर्त दिसते ते सर्वाधिक घोटलेले असते. शेतकऱ्याने कापणी दोन दिवसांत केली म्हणून पीक दोन दिवसांत आले, असे कोणी म्हणत नाही. मुलांच्या कामाला 'उत्स्फूर्त' म्हणून मोकळे होणे म्हणजे त्यांच्या विचाराला श्रेय नाकारणे होय. आणि ज्याच्या विचाराला श्रेय द्यायचे नाही, त्याच्या विचाराला प्रश्नही विचारता येत नाही. हा पक्ष कौतुक करतो ते बहुधा प्रश्न टाळण्यासाठीच.

आम्ही मात्र प्रश्न विचारणार. सलग चित्रणाच्या निवडीची किंमत काय? पहिली किंमत अशी की कॅमेरा कुणाजवळही थांबू शकत नाही. १७२ चेहरे आणि पाचएक मिनिटांचे गाणे. कुणाच्या वाट्याला दोन क्षण, कुणाच्या वाट्याला नुसती गर्दीतील जागा. चेहरा ओळखीचा होण्याआधीच मागे पडतो. सर्वांना सामावून घेण्याच्या नादात कुणाचीच भेट होत नाही, हा या प्रकाराचा मूळ दोष आहे. दुसरी किंमत भावाची. गाणे आहे आनंदोत्सवाच्या चाहुलीचे. त्यामुळे पहिल्या क्षणापासून अखेरपर्यंत जल्लोष आणि केवळ जल्लोष. चढ आहे, उतार नाही. एखादा मुलगा बाजूला एकटा उभा राहून हे सारे पाहतो आहे, असे दृश्य या पद्धतीत बसतच नाही, कारण जो थांबला तो गाण्याच्या मागे पडला. विद्यापीठाच्या पहिल्या आठवड्यात एकट्या पडलेल्या मुलाची कथा या फितीला सांगता येणार नाही. ती सांगायची असती तर कात्री हवी होती. प्रत्येक निवडीला असे एक बंद दार असते. कोणते दार बंद झाले, हे निवडणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे एवढेच आमचे म्हणणे.

तिसरा प्रश्न अधिक नाजूक आहे आणि आपल्याला अधिक जवळचा आहे. मॉन्ट्रियलचे हे विद्यापीठ फ्रेंच भाषेतून शिकवणारे. क्वेबेकच्या लोकांनी आपल्या भाषेसाठी दीर्घ झगडा केला आणि १९७७ साली फ्रेंच भाषेची सनद कायद्याने संमत करून घेतली. अशा भूमीतील, अशा विद्यापीठातील, संज्ञापन शिकणाऱ्या मुलांनी जगासमोर येताना गाणे निवडले ते इंग्रजी.

या निवडीच्या बाजूने जे बोलता येईल ते प्रामाणिकपणे मांडू. १७२ जणांना तोंडपाठ असलेले गाणे हवे होते. त्या वर्षी हे गाणे अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सलग चौदा आठवडे अग्रस्थानी होते, म्हणजे पाठांतराचे श्रम वाचले. चाल उसळती आहे, ठेका चालण्याच्या गतीला जुळतो, आणि ओळी पुन्हा पुन्हा येत असल्याने कुठेही उभ्या असलेल्या घोळक्याला त्या घेता येतात. ही कारणे खोटी नाहीत. परंतु ती सारी सोयीची कारणे आहेत. ज्या मुलांनी कात्रीची सोय बाणेदारपणे नाकारली, त्यांनी गाण्याच्या बाबतीत सोयच पत्करली. वाहत्या पाण्यात नाव सोडली की ती पुढे जाणारच; त्यात नावाड्याचे कसब किती आणि प्रवाहाचा जोर किती, हे ठरवणे कठीण. लाखो लोकांनी पाहिले म्हणून फीत थोर, असे म्हणणाऱ्यांनी या लाखांमधून गाण्याची लोकप्रियता वजा करून मग बेरीज सांगावी.

मुलांनी इंग्रजी गाणे निवडू नये, असा फतवा आम्ही काढत नाही. आम्हाला तसा अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. आमचा आग्रह एवढाच की ही निवड आहे, अपघात नव्हे, हे मान्य व्हावे. "सहज सुचले" हे उत्तर संज्ञापनाच्या विद्यार्थ्याला शोभत नाही, आणि आपल्या घरातील मुलांनाही ते शोभू नये.

प्रवाहाविरुद्ध नाव हाकता येते की नाही, असे कुणी विचारील. त्यालाही प्रत्यक्ष उदाहरण आहे आणि तेही त्याच वर्षीचे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटल शहराच्या उत्तरेला शोरलाइन नावाचे गाव आहे. तेथील शोरक्रेस्ट आणि शोरवुड या दोन माध्यमिक शाळांमध्ये जुनी चुरस. २००९ च्या अखेरीस शोरक्रेस्टच्या मुलांनी 'हे या' या गाण्यावर सलग चित्रणाची एक लिपडब केली आणि ती गाजली. शोरवुडच्या मुलांपुढे आव्हान उभे राहिले. अधिक मुले जमवून, अधिक गोंगाट करून प्रतिस्पर्ध्याला मागे टाकण्याचा मार्ग खुला होता. त्यांनी तो घेतला नाही. त्यांनी सारी फीत उलटी चित्रित केली. मुले मागे मागे चालली, ओठ उलट्या क्रमाने हलवले, आणि मग ती फीत उलट बाजूने फिरवली. पडद्यावर मुले सरळ चालतात, ओठ गाण्याशी जुळतात. परंतु जे खाली पडायचे ते वर उसळते, जे विखुरले ते गोळा होते. अवघे जग जणू माघारी फिरते आहे.

यातील परिश्रम नीट समजून घेतले पाहिजेत. वाल्या कोळ्याच्या कथेत 'मरा मरा' म्हणता म्हणता 'राम राम' उमटते. तेथे अक्षरांची अदलाबदल होते. परंतु ध्वनिमुद्रण उलटे फिरवले तर 'राम' या शब्दाचे 'मरा' होत नाही, 'मार'सारखे काहीतरी होते. कारण उलटतात ते एकेक ध्वनी. म्हणजे या मुलांना गाणे उलट्या बाजूने ऐकून, त्या अर्थशून्य ध्वनींना तोंडाचा आकार द्यायला शिकावे लागले. आणि गाणे कोणते? हॉल आणि ओट्स या जोडीचे, १९८० सालच्या संग्रहातील 'यू मेक माय ड्रीम्स'. त्या मुलांच्या जन्माआधीचे. चालू हंगामातील लोकप्रियतेची कुबडी त्यांनी घेतली नाही. स्पर्धेत त्यांनी संख्या वाढवली नाही, दिशा बदलली. मॉन्ट्रियलची फीत अधिक भव्य आहे यात शंका नाही. तरीही कोणती फीत अधिक विचारातून आली, असे कुणी विचारले तर आम्ही शोरवुडकडे बोट दाखवू.

आता परदेशातून घरी येऊ. आपल्या मुलांच्या हाती कॅमेरा येऊन बरीच वर्षे लोटली. महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी, युवक मंडळाच्या स्पर्धेसाठी, नाताळच्या गाण्यासाठी ती चित्रफिती करतात. सभागृहात त्या दाखवल्या जातात, टाळ्या पडतात, बक्षिसे दिली जातात. आणि 'चित्रण स्वच्छ, ध्वनी स्पष्ट' यापलीकडे परीक्षकांच्या तोंडून एक शब्द निघत नाही. या फितींत अनेकदा बर्फ पडताना दिसतो. डिसेंबरात जेथे वालाच्या पापडीचा हंगाम असतो, जेथे थंडी म्हणजे पहाटेचे धुके आणि अंगावरची एक जाड चादर, तेथे आकाशातून कापूस भुरभुरतो. हा बर्फ कुणी निवडला? बहुधा कुणीच निवडला नाही. तो आधी पाहिलेल्या दहा फितींतून आपोआप अकराव्या फितीत आला. आमचे भांडण बर्फाशी नाही. एखाद्या मुलाने जाणूनबुजून, काही सांगण्यासाठी, धुक्यात बर्फ पाडला तर आम्ही पहिल्या रांगेत बसून तो पाहू. आमचे भांडण 'आपोआप'शी आहे.

कारण जे आपोआप येते ते कुणाचे तरी असतेच. फक्त आपले नसते. आपण निवडले नाही की आपल्या वतीने बाजार निवडतो. गाणे तो ठरवतो, पेहराव तो ठरवतो, कोणता चेहरा कॅमेऱ्यासमोर पुढे आणि कोणता मागे हेही तोच ठरवतो. उजळ कांतीची मुलगी मध्यभागी आणि सावळी मुलगी घोळक्यात, ही मांडणी आपल्या किती फितींत दिसते ते एकदा मोजून पाहावे. ज्या मुलाने ती मांडणी केली तो दुष्ट नसतो. त्याला कुणी विचारलेलेच नसते. विचारायला हवे होते ते आपण, आणि आपण टाळ्या वाजवत होतो.

"अशी चिकित्सा केली तर मुले हिरमुसतील," ही शंका आम्हाला ठाऊक आहे. लेकीने पहिल्यांदा रांधलेल्या कालवणात मीठ कमी पडले तर आई ते सांगतेच. सांगताना ती ताट दूर सारत नाही. जेवता जेवता सांगते. लेक हिरमुसली तरी दुसऱ्या खेपेला मीठ बरोबर पडते. "छान झाले" म्हणून पाटावरून उठणारा पाहुणा असतो, घरचा माणूस नव्हे. मुलांच्या निर्मितीशी आपण पाहुण्यासारखे वागायचे की घरच्या माणसासारखे, एवढाच हा वाद आहे. आणि जो वडीलधारा चित्रफीत न पाहताच "थिल्लरपणा" म्हणून उठून जातो, त्याने तर ताटाला हातही लावलेला नसतो. त्याच्या मताला चवीची साक्ष नाही.

तेव्हा वाचकांना आमची विनंती आहे. पुढच्या खेपेला घरातील मुलगा वा मुलगी आपली चित्रफीत दाखवील, तेव्हा ती एकदा पाहून थांबू नये. दुसऱ्यांदा पाहावी आणि मग विचारावे: हेच गाणे का? कॅमेरा येथेच का थांबला? आणि जे दाखवता आले असते परंतु दाखवले नाही, ते काय होते? उत्तर लगेच येणार नाही. मूल गोंधळेल, कदाचित रागावेल. त्याला वेळ द्यावा. उत्तर शोधण्यासाठी ते पुन्हा आपल्याच फितीकडे वळेल, तेव्हा प्रथमच ती प्रेक्षकाच्या नव्हे तर कर्त्याच्या नजरेने पाहील. टाळी त्यानंतर वाजवावी. ती थोडी उशिरा वाजेल, परंतु ऐकणाऱ्याला खरी वाटेल.